चंद्र उगवला का, बघून ये

आमच्या घरात आकाशाकडे नेमाने बघणारी एकच व्यक्ती होती, आजी. तीही महिन्यातून एकदाच, संकष्टीला. दिवसभराचा उपास, देवापुढे झाकून ठेवलेलं मोदकांचं ताट, आणि स्वयंपाकघरातून हाक, "चंद्र उगवला का, बघून ये." जिन्यापाशी जायच्या आधी मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघायचो. चंद्रोदय ९ वाजून १४ मिनिटं. घड्याळात सव्वानऊ. मग दोन जिने चढायचे कशाला? खालूनच ओरडायचो, "उगवला!" एकदा आजी पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "कालनिर्णय मलाही वाचता येतं. तू पाहिलास का?"

गेलो वर. चंद्र नव्हता. पूर्वेला शेजाऱ्यांचा फणस होता, फणसामागे टेकडी होती. वीसेक मिनिटांनी पानांआडून एक पिवळट, एका बाजूने खाल्लेला, थोडा चेपल्यासारखा चंद्र वर आला. कालनिर्णय चुकलं नव्हतं. छापलेली वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजासाठी असते, आणि आमच्या पूर्वेला फणस होता एवढंच. त्या रात्री जेवण अर्धा तास उशिरा झालं.

हे पुस्तक लिहिणाऱ्या बाई एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवतात. प्रस्तावना लिहाल का, असं विचारत त्यांनी हस्तलिखित पाठवलं, तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. वाईट सवय आहे. तिथे एक रिकामी चौकट होती: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं. मागे उलटत गेलो तर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तीच. प्रकाशकांना त्या चौकटी म्हणजे कागदाची नासाडी वाटत होती, असं बाईंनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बाकी हवं ते कापा, चौकटी ठेवा. पुढचं जे काही लिहितोय ते त्या चौकटींची तरफदारी म्हणूनच.

आकाशाबद्दल मराठी माणसाला कमी माहीत असतं असं नाही. पुष्कळ माहीत असतं, पण बहुतेक ऐकलेलं. मृगाचंच घ्या. ७-८ जूनला मृग लागतो, पेरणीची धांदल उडते, बांधावर लाल मखमली मृगकिडे फिरायला लागतात, यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावर पारावर चर्चा रंगते. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मी हमखास विचारतो, जूनमध्ये मृग आकाशात कुठे असतो? शेतकरी घरातली माणसंसुद्धा रात्रीच्या आकाशात कुठेतरी बोट दाखवतात. तो तिथे नसतो. मृग लागला याचा अर्थ सूर्य मृगात गेला. म्हणजे ते तारे त्या दिवसांत सूर्याबरोबर उगवतात, सूर्याबरोबर मावळतात आणि दिवसभर डोक्यावर असूनही दिसत नाहीत. मृग बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत, कानटोपी घालून. पावसाची सगळी नक्षत्रं अशीच. भोंडल्याला पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात तेव्हा सूर्य हस्तात असतो, आणि त्या रात्री हस्ताचे पाच तारे शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं. नंतर उमगलं की खरी करामत इथेच आहे. सूर्य कोणत्या ताऱ्यांपुढे उभा आहे, हे सूर्याच्याच उजेडामुळे दिसत नाही. पहाटे पूर्वेला शेवटी कोणते तारे विझले, संध्याकाळी पश्चिमेला आधी कोणते उमटले, यावरून मधली जागा ताडायची. ती कुणीतरी वर्षानुवर्षं ताडली, आकाशातल्या सूर्याच्या वाटेचे २७ भाग पाडले, एकेक भाग १३ अंश २० कलांचा, आणि सूर्याला तो ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात हे बसवलं. यातली एक गोम शेतकऱ्याच्या कामाची आहे. ताऱ्यांच्या हिशेबाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं असतं. साधारण ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. आणखी हजार वर्षांनी मृग २१-२२ जूनच्या सुमाराला लागेल, आणि पाऊस काही त्याच्यासाठी थांबायचा नाही. याच सरकण्याचा धागा पकडून लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' लिहिलं आणि वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगात होता त्या काळापर्यंत वेदांना मागे नेलं. तो निष्कर्ष आज बहुतेक अभ्यासक मान्य करत नाहीत. पण पंचांगातल्या एका कंटाळवाण्या दुरुस्तीतून केवढा वाद उभा राहू शकतो, याचं ते नामी उदाहरण आहे.

महिन्यांची नावं मात्र रात्रीच पडताळता येतात, आणि त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. चैत्री पौर्णिमेचा चंद्र चित्रेच्या आसपास, कार्तिकी पौर्णिमेचा कृत्तिकांच्या, मार्गशीर्षातला मृगाच्या. अगदी खेटून असेलच असं नाही; एखादं नक्षत्र इकडेतिकडे होतं. बाईंनी यासाठी बारा पौर्णिमांचा एक तक्ता दिला आहे. श्रावणाची ओळ ढगांमुळे कोरी राहील, हेही तिथेच लिहून ठेवलंय. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. परदेशी पुस्तकांवरून बेतलेल्या आपल्याकडच्या किती तरी पुस्तकांत वर्षाच्या बाराही महिन्यांचे नकाशे सारख्याच उत्साहाने दिलेले असतात. जुलैत महाबळेश्वरला आकाश बघायला कोण जाणार? आपलं आकाशाचं वर्ष कोजागिरीला उघडतं आणि वळवाच्या ढगांबरोबर मिटतं. उरलेले चार महिने पुस्तक वाचायला.

त्या पुस्तकांचा दुसरा घोळ अक्षांशांचा. लंडनच्या माणसासाठी काढलेल्या नकाशात वृश्चिकाची नांगी क्षितिजाखालीच राहते. आपल्याकडे मे महिन्याच्या रात्री तो विंचू नांगीसकट अख्खा वर येतो. अगस्त्य लंडनहून कधीच दिसत नाही. कोकणातून तो थंडीत दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम १८-२० अंशांवर लखलखत असतो. आणि मित्र! सूर्य सोडला तर नुसत्या डोळ्यांना दिसणारा आपला सर्वांत जवळचा तारा, सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडा लांब. मेमध्ये दक्षिणेकडचं क्षितिज मोकळं असलेल्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर तो पाण्याच्या थोडा वर दिसतो, शेजारी मित्रक, पलीकडे उजवीकडे त्रिशंकू. युरोपातल्या एकाही मोठ्या वेधशाळेला तिच्या अंगणातून हे दृश्य दिसत नाही, आणि आपण त्या दिशेला पाठ करून भेळ खात असतो.

ध्रुवाबद्दलचा गैरसमज तर इतका पक्का आहे की तो मोडताना लोक चक्क नाराज होतात. ध्रुव म्हणजे आकाशातला सर्वांत ठळक तारा, असं बहुतेकांना वाटतं. तो पहिल्या चाळिसांतसुद्धा येत नाही. शहरात तर तो आधी शोधावा लागतो आणि मग "हाच?" असा प्रश्न ऐकावा लागतो. त्याची थोरवी जागेची आहे. हात समोर ताणून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण १० अंश झाकते. मुंबईहून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर, म्हणजे १९ अंशांच्या आसपास, आणि मुंबईचे अक्षांशही तेवढेच. वेंगुर्ल्याला तो १६ अंशांवर, नागपूरला २१. वेंगुर्ल्याच्या माणसाची नागपूरला बदली झाली तर ध्रुव अर्धी मूठ वर चढतो. अढळपदाचं म्हणाल, तर खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो पाऊण अंशाच्या आतबाहेर असतो आणि रोज एक बारीकशी प्रदक्षिणा घालतो. पाच हजार वर्षांपूर्वी त्या पदावर दुसराच तारा होता.

आणि अरुंधती. लग्नात नवऱ्यामुलाने नवरीला अरुंधती दाखवायची असते. माझ्या भाच्याच्या लग्नात गुरुजींनी एसी हॉलच्या छताकडे बोट दाखवलं, दोघांनी झुंबराकडे बघून मान डोलावली, व्हिडिओवाल्याने सांगितलं म्हणून पुन्हा एकदा डोलावली. डिसेंबर होता. छत काढलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. ते पहाटे बघायचे. वसिष्ठाला खेटून असलेली ती मंद तारका दिसायला मे महिन्यातलं लग्न आणि अंधारं गाव हवं. पण या रिवाजाच्या पोटात शिकवण्याची एक उत्तम रीत आहे. तिला अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात: बारीक गोष्ट दाखवायची तर आधी शेजारची ठळक दाखवावी, मग तिथून सरकत जावं. बाईंनी सबंध पुस्तक याच रितीने रचलंय. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांवरून खाली व्याधापर्यंत, वर रोहिणीपर्यंत, तिथून कृत्तिकांपर्यंत. एका रात्रीत एवढंच. घाई नाही.

आता एक कबुली. मी स्वतः बरीच वर्षं एक खोटी गोष्ट सांगत होतो, तीही भाषणात टाळ्या घेत. हेलियमचा शोध कोकणात, विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला, ही ती गोष्ट. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावरून सूर्य पाहिला आणि त्याला हेलियम सापडला. पुरावा? किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे'. अलीकडे १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. मी त्या ओट्यावर उभा राहून, वाघोटनच्या खाडीवरून येणारा वारा अंगावर घेत, शाळेच्या मुलांना हे सांगितलं आहे. एका मुलीने विचारलं, "सर, ग्रहण कोकणात आणि ऑगस्टमध्ये? पाऊस नव्हता?" मी काहीतरी उत्तर दिलं. घरी आल्यावर कपाट उघडलं.

त्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. ग्रहणाचा पट्टा जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम असा गेला होता, आणि गुंटूरला पियेर जान्सन हा फ्रेंच खगोलज्ञ होता. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांचा उजेड त्याने वर्णपटदर्शकातून पाहिला. वर्णपटदर्शक म्हणजे उजेडाचे रंग सोलून वेगळे मांडणारं उपकरण. प्रत्येक तापलेल्या वायूच्या त्यात ठरलेल्या जागी रेघा उमटतात. जान्सनला दिसलेल्या रेघा इतक्या प्रखर होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या सकाळी त्या दिसल्याही. इकडे लॉकियरने तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती, पण त्याचं उपकरण तयार व्हायला उशीर झाला. २० ऑक्टोबरला त्याने लंडनमधून, ग्रहणाशिवाय, त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली, आणि पुढे फ्रान्समध्ये दोघांच्या नावे एकच पदक पाडण्यात आलं.

त्या वर्णपटात एक पिवळी रेघ होती. मिठाच्या खड्याने ज्योत पिवळी होते ती सोडियममुळे, आणि ही रेघ सोडियमच्या जोडरेघांच्या इतकी शेजारी होती की बघणाऱ्यांना ती सोडियमचीच वाटली. लॉकियरने जागा मोजली. ती जुळत नव्हती. पृथ्वीवर कुणालाही माहीत नसलेलं काहीतरी सूर्यात आहे, असं म्हणायचं धाडस त्याने केलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. पुष्कळांनी थट्टा केली. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली, तेव्हा थट्टा थांबली.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आला होता, हे खरंच. पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. ब्रिटिश आरमाराच्या 'मेल्पोमेनी' जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना त्याने निरीक्षणाच्या कामाला जुंपलं होतं. ते ओटे त्या मोहिमेचे असावेत. जानेवारी असल्यामुळे आभाळही निरभ्र. त्या मुलीचा प्रश्न अचूक होता. पावसाळ्यात ग्रहण बघायला कोकणात कोण येईल? आता मी हीच दुसरी गोष्ट सांगतो, आणि खरं सांगायचं तर ती पहिलीहून रंगतदार आहे: दर्यावर्दी दिवसेंदिवस रंगीत तालीम करतायत आणि खरा प्रयोग सुमारे दोन मिनिटांचा. टाळ्या मात्र थोड्या कमी पडतात.

१८९८चं ते ग्रहण महाराष्ट्राने कसं विसरून टाकलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. प्लेगचे दिवस, पुण्यातल्या प्लेग अधिकारी रँडच्या खुनाला जेमतेम सात महिने झालेले. अशा वेळी सावलीचा पट्टा रत्नागिरी जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यामार्गे वऱ्हाडात गेला आणि वाटेत जगभरचे खगोलज्ञ तंबू ठोकून बसले होते. आज पुणे-सोलापूर गाडी जेऊरला थांबते तेव्हा खिडकीतून कुणाच्या मनातही येत नाही, की इथे कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल आला होता. त्याच जेऊरला पुण्याहून आलेले एक पारशी प्राध्यापकही होते, कावसजी दादाभाई नायगामवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली होती, वीस इंची आरशाची दुर्बीण बसवलेली. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडईकनालला गेली. तिकडे वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा असा फोटो घेतला की त्यातली एक लांबलचक किरणशिखा पाहून लोक चकित झाले. माँडर यांच्या नावाची एखादी पाटी तळणीत लावायला हरकत नाही.

मराठीत हे सगळं लिहून ठेवणारी माणसं तेव्हाही होती. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. त्यांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६चं. आजही त्या विषयाचा माणूस ते टाळून पुढे जाऊ शकत नाही. पण सामान्य वाचकासाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं, आणि त्याला जोडनाव दिलं 'रात्रीची दोन घटका मौज'. मौज! आपण विज्ञान लोकांपर्यंत 'पोचवतो', त्यांनी मौज म्हणून समोर ठेवलं. दीक्षित वारले तेही १८९८ सालीच, पंचेचाळिशीच्या आतबाहेर. शिक्षकाने लिहिलेलं हे नवं पुस्तक हातात आलं तेव्हा पहिली आठवण त्यांची झाली.

नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर बाईंचं एक प्रकरण आहे. ते वाचून मला माझी तिथली पहिली भेट आठवली. विज्ञान दिनाची गर्दी, शाळांच्या बसगाड्या, मोबाइल बंद ठेवा म्हणून सूचना, आणि माझ्यापुढच्या रांगेतल्या एका मुलाचा प्रश्न, "यात डोळा कुठून लावायचा?" प्रश्नाला सगळे हसले, पण मला तो बरोबर वाटला. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. १४ मधल्या एका चौरस किलोमीटरच्या आसपास, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. थाळी म्हणायचं, पण आत पत्रा नाही, बारीक तारांची जाळी, पलीकडचा ढग आरपार दिसतो. वीतभर किंवा त्याहून लांब रेडिओ लहरींना ती जाळी सलग भिंतीसारखीच. वाऱ्याला मात्र भोकं मोकळी. म्हणून सांगाडा हलका राहिला आणि खर्च आवाक्यात. ही युक्ती रेडिओ खगोलज्ञ गोविंद स्वरूप यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्याआधी १९७० मध्ये याच माणसाने उटीजवळ ५३० मीटर लांबीची दुर्बीण एका डोंगरउतारावर आडवी टाकली होती. उतार मुद्दाम शोधलेला, ११ अंशांचा, कारण उटीचे अक्षांश ११. त्यामुळे दुर्बिणीचा कणा पृथ्वीच्या आसाला समांतर झाला, आणि आकाशातल्या एखाद्या ठिकाणाचा तासन् तास माग काढायला ती नुसती एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळवली की पुरतं. ध्रुवासाठी मोजलेल्या त्या मुठी इथे डोंगर शोधायला कामी आल्या.

त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर असं की डोळा कुठेच लावायचा नाही. दिसतो तो आलेख. मग आजीच्या "तू पाहिलास का" ला इथे काय सांगायचं? हा प्रश्न मी बरेच दिवस बाळगून होतो. लॉकियरनेही हेलियम पाहिला नव्हता. एक रेघ पाहिली, तिची जागा मोजली, आणि तीच रेघ दुसऱ्या कुणालाही, दुसऱ्या गावातून, दुसऱ्या दिवशी बघता येईल अशी सोय ठेवली. खोडदच्या एका थाळीला जे ऐकू येतं ते शेजारच्या थाळीशी ताडून बघितलं जातं, आणि जे दोन्हीकडे जुळत नाही ते बहुधा एखाद्या ट्रॅक्टरचं किंवा फोनचं असतं. बाईंच्या चौकटीत 'जागा' आणि 'वेळ' हे रकाने त्यासाठीच आहेत.

अंतराळमोहिमांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्या प्रकरणाला वाचक आपणहून जाणारच आहेत. एकच गोष्ट. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं, चांद्रयान-३ उतरलं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला होता, पेढे वाटले, एकाने फटाके आणले होते. मी बाहेर आलो. ढगांच्या फटीतून दक्षिणेला जवळजवळ अर्धा चंद्र दिसत होता. निज श्रावण शुद्ध सप्तमी. हा योगायोग नव्हता. यानाला सौरऊर्जा हवी, म्हणून उतरण्याच्या जागी नुकतीच सकाळ झालेली असणं गरजेचं होतं. तिथून पुढे पृथ्वीवरच्या चौदा दिवसांएवढा एक चांद्रदिवस कामाला मिळतो. म्हणजे उतरण्याची तारीख चंद्राच्या कलेला बांधलेली होती, आणि ती कला तिथेच, डोक्यावर, फुकट दिसत होती. आत जाऊन चारसहा जणांना बाहेर बोलावलं. दोघे आले.

शेवटी एक तक्रार. दुर्बिणीचं प्रकरण बाईंनी फार लवकर, चौथ्या क्रमांकावर घेतलंय. मी त्यांना ते मागे ढकलायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. मुलं आधी तेच विचारतात, हे त्यांचं म्हणणं. खरं असेल. पण ऑनलाइन मागवलेल्या, खोक्यावर शनीचा भलामोठा फोटो असलेल्या डुगडुगत्या दुर्बिणी मी किती माळ्यांवर पाहिल्या आहेत, याची गणती नाही. तेवढ्या पैशांत सात गुणिले पन्नास किंवा दहा गुणिले पन्नासची चांगली द्विनेत्री येते. कठड्याला कोपरं टेकून तिच्यातून गुरूचे चार चंद्र दिसतात, आणि अंधाऱ्या जागी देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका. २५ लाख प्रकाशवर्षं लांबचा तो ठिपका नोव्हेंबर-डिसेंबरात नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, पण जागा दाखवणारं कुणीतरी हवं. दर ऑगस्टात व्हॉट्सॲपवर मंगळ चंद्राएवढा दिसणार म्हणून निरोप फिरतो, तेव्हाही द्विनेत्री बाहेर काढावी. मंगळ २७ ऑगस्ट २००३ रोजी खरोखरच फार जवळ आला होता, पण ते जवळ म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरांहून जास्त.

पहिला नकाशा कार्तिकातला आहे. तो टेबलावर ठेवून वाचू नका, डोक्यावर उलटा धरा. मग पूर्व डावीकडे का छापली आहे ते आपोआप कळेल. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला तर पुन्हा वीस. सतरंजी जाड घ्या, कार्तिकात गच्ची गार असते. आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असेल, तर ती दिवसाउजेडीच मागून ठेवा. रात्री नऊनंतर ते दार उघडत नाहीत.